‘वलं’च म्हणू दे, ‘ओलं’ नको

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. शाळेच्या गायन स्पर्धेत तिला हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीचं ‘नभ उतरू आलं’ म्हणायचंय. पेटी शिकवणारे सर म्हणतात, त्यांच्या चाली मुलांच्या गळ्याला पेलत नाहीत, सोपं काहीतरी घ्या. ती रडकुंडीला आलीय. काय करू? आणि हृदयनाथ मूळचे सांगलीचे, हे खरं का? — एक आई, विटा

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते. हो, हृदयनाथांचा जन्म आमच्या सांगलीतला, २६ ऑक्टोबर १९३७ चा. मास्टर दीनानाथ १९४२ च्या एप्रिलमध्ये पुण्यात वारले, तेव्हा हे पोर जेमतेम साडेचार वर्षांचं. वडिलांसमोर बसून शिकायचं वय यायच्या आतच वडील गेले. पुढं ते उस्ताद अमीर खाँसाहेबांचे शागीर्द झाले. एकेक स्वर निवांतपणे उलगडणारी ती गायकी. ‘लेकिन’च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००९ मध्ये पद्मश्री मिळाली, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आता लेकीचं. गाणं बदलू नका.

हे गाणं ‘जैत रे जैत’ या सिनेमातलं, तो आला १९७७ मध्ये. मी एकोणीस वर्षांची होते, थोरल्या बहिणीबरोबर सांगलीत पाहिला. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, गाणी ना. धों. महानोरांची. महानोर शेतकरी माणूस, पाऊस अंगावर घेतलेला. घरी येताना बहीण सारखी एकच शब्द म्हणत होती, ‘झिम्माड’. चाल तिला आठवत नव्हती, शब्द मात्र चालीच्याच झोकात येत होता. पुढं एकतीस वर्षं मुलींना गाणं शिकवताना मी तेच धरून राहिले : हृदयनाथांच्या चालीत आधी शब्द पकडायचा, सूर त्याच्यातच सापडतो. म्हणून तर सुरेश भट, आरती प्रभू, ग्रेस यांच्यासारख्यांच्या कविता त्यांनी सिनेमात आणल्या आणि त्या लोकांच्या ओठी बसल्या. ‘निवडुंग’ सिनेमातली गाणी काढून ऐका एकदा.

तर चार दिवस पेटी बंद ठेवा. मुलीला गाणं नुसतं बोलू दे, अंगणात पाऊस बघून सांगावं तसं. ‘वलं’ हा शब्द आला की हमखास कुणीतरी ‘ओलं’ करायला सांगेल. ऐकू नका. तुमच्या विट्यात आजही कुणाची तरी आजी ‘वलं’च म्हणते. ‘ओ’नं तोंड गोल होतं आणि ओळ जड पडते, ‘व’नं ती पुढं सरकते. एका स्पर्धेत माझ्या विद्यार्थिनीचे यासाठीच गुण कापले होते, उच्चार अशुद्ध म्हणून. पोरीचा उतरलेला चेहरा मी विसरले नाही. परीक्षकांनी हरकत घेतली तर कवीचा शब्द हाच आहे, असं तिनं नम्रपणे सांगावं.

पाचव्या दिवशी टाळी धरून बोलायचं. मग गुणगुणायचं. ओळी तुटक आहेत, मुली घाईनं मधेच श्वास घेतात आणि तिथंच सूर सुटतो. कुठं थांबायचं ते वहीत पेन्सिलीनं खूण करून ठेवा. मूळ गाणं गाणाऱ्या आशाताईंच्या (आशा भोसले) हरकती, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, आत्ताच उचलायला लावू नका. सरळ सूर लागला की त्यातल्या एखाददुसऱ्या आपोआप येतील, न आल्या तरी चालेल.

माझ्याकडं या गाण्याची कॅसेट होती, २०१९ च्या कृष्णेच्या पुरात गेली. पेटी माळ्यावर होती म्हणून वाचली. तिच्यावर परवा तुमच्यासाठी चाल वाजवून बघितली. सरांना माझा नमस्कार सांगा आणि एवढंच विचारा, पट्टी कुठली धरली होती, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरावर ‘सा’ धरला होता? बहुतेक वेळा रेकॉर्डची पट्टी धरतात आणि मूल वर ओढलं जातं. काळी चारपासून एकेक पट्टी खाली येत जा. सगळ्यात वरचा सूर मान न ताणता लागला, की तिथं थांबा. तीच तिची पट्टी.