वाचनालयातले दोन तास आणि अठरानंतरचा प्रश्न

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मिरजेहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपला मुलगा १९ वर्षांचा आहे, त्याला मध्यम स्वरूपाची बौद्धिक दिव्यांगता आहे, विशेष शाळा गेल्या वर्षी संपली आणि तेव्हापासून तो घरीच आहे. त्याला संगणकाच्या क्लासला घालावे की कागदी पिशव्या करणाऱ्या कार्यशाळेत पाठवावे, असे आपण विचारले आहे. पत्राच्या शेवटी मात्र आपण जाता जाता एक गोष्ट लिहिली आहे: जवळच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाहांनी त्याला सकाळी दोन तास मदतीला बोलावले आहे, गल्लीतले गणेश मंडळही बोलावते, पण यातून त्याचे करिअर काय होणार, या विचाराने आपण दोघांनाही नकार कळवणार आहात. माझी विनंती अशी की तो नकार कळवू नये. आपण विचारलेल्या दोन पर्यायांपेक्षा हे न विचारलेले दोन पर्याय मला अधिक महत्त्वाचे वाटतात.

आपणच लिहिले आहे की शाळेत शंभराची नोट मोडून बरोबर हिशेब सांगणारा मुलगा किराणा दुकानात गेला की गप्प उभा राहतो. तो शिकलेले विसरला, असा याचा अर्थ नाही. बौद्धिक दिव्यांगता असलेल्या व्यक्तीला एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी वापरणे अवघड जाते. शांत वर्ग, ओळखीच्या बाई आणि खेळण्यातल्या नोटा ही एक परिस्थिती. घाईत असलेला दुकानदार, सुट्ट्या पैशांवरून चाललेली कुरकुर आणि मागे उभे असलेले गिऱ्हाईक ही त्याच्या दृष्टीने पूर्णपणे दुसरी. म्हणून जे कौशल्य जिथे वापरायचे आहे, ते शक्यतो तिथेच शिकवावे लागते. आधी वर्षानुवर्षे तयारी करून घ्यायची आणि मग नोकरी शोधायची, हा क्रम उलटा करून आधी खरी जागा मिळवायची आणि त्या जागेवरच प्रशिक्षण द्यायचे, ही पद्धत अमेरिकेत १९८०च्या दशकात रुजली, तीही याच अनुभवातून.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांकडून मी जे ऐकतो, त्यात काम जमले नाही म्हणून नोकरी सुटल्याची उदाहरणे थोडी असतात. वेळेवर न पोहोचणे, बरे नसल्याचे कोणाला सांगता न येणे, चहाच्या सुट्टीतून परत जागेवर न येणे, अनोळखी माणसाच्या फार जवळ जाणे, कोणी ओरडले की दुसऱ्या दिवशी न जाणे, अशी कारणे कितीतरी अधिक. यातले एकही कौशल्य पिशव्या चिकटवून येत नाही. घरातल्या आणि शाळेतल्या माणसांपलीकडच्या लोकांत रोज थोडा वेळ काढला, म्हणजे येते.

वाचनालयात त्याला ‘काहीतरी कर’ म्हणून बसवू नये. वर्तमानपत्रांचे काम मागून घ्यावे, कारण त्याला घरची रद्दी तारखेप्रमाणे लावण्याची आवड आहे, असे आपण लिहिले आहे. त्या कामाच्या पायऱ्या पाडाव्यात: आलेले अंक घेणे, तारीख पाहणे, शिक्का मारणे, कालचे अंक टेबलावरून उचलणे, आजचे मांडणे, कालचे जुन्या गठ्ठ्यात वर ठेवणे. शिकवताना शेवटच्या पायरीपासून सुरुवात करावी. म्हणजे आधीचे सगळे दुसऱ्याने करायचे आणि गठ्ठ्यात अंक ठेवून काम पुरे करण्याचा मान त्याला द्यायचा. ती पायरी पक्की झाली की तिच्या अलीकडची. यामुळे पहिल्या दिवसापासून काम पूर्ण झाल्याचे समाधान त्याला मिळते. मदतही अशीच उतरत्या क्रमाने द्यावी: हात धरून, मग करून दाखवून, मग सांगून, मग नुसत्या खुणेने. सूचना दिल्यावर मनातल्या मनात दहा अंक मोजेपर्यंत गप्प राहावे. हे वाचताना सोपे वाटते, पण आईच्या हाताला ते सर्वांत कठीण जाते, कारण एवढी वर्षे मुलाच्या आधी पुढे होण्याची त्या हाताला सवय लागलेली असते.

म्हणूनच पहिला आठवडा सोडला तर आपण वाचनालयात थांबू नये. आपण समोर असाल तोवर अडचण आली की तो आपल्याकडेच पाहील. तेथील एका कर्मचाऱ्याचे नाव ठरवून घ्यावे आणि अडले की त्यांना विचारायचे, एवढेच त्याला शिकवावे. मदत मागता येणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि पुढे कोणत्याही मालकाला तेच सर्वांत आधी हवे असते.

जाण्यायेण्याच्या बाबतीतही असेच. आधी बरोबर चालावे, मग चार पावले मागून, मग फक्त रस्ता ओलांडण्याच्या ठिकाणी उभे राहावे. हे जमल्यावर मिरज-सांगली बसचा प्रवास घ्यावा. चुकीच्या थांब्यावर उतरलो तर काय करायचे, याचा सराव मुद्दाम चुकीच्या थांब्यावर उतरून करून घ्यावा. खिशात पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेले कार्ड असावे. आपली भीती मला समजते. तरीही बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयी लिहिणारे अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२मध्ये या क्षेत्रातल्या लोकांपुढे मांडलेली एक गोष्ट मला पटते: प्रत्येक धोक्यापासून वाचवत राहणे हाही त्या माणसाच्या सन्मानावर घाला असतो. अर्थात धोका मोजूनमापून आणि तयारीनिशी घ्यायचा असतो.

गणेश मंडळाबाबत मात्र माझी एक अट आहे. वर्षातून एकदा व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देणे आणि फोटो काढणे म्हणजे सहभाग नव्हे. असा सत्कार घेऊन आलेली मुले दुसऱ्या दिवशी पुन्हा घरीच बसलेली असतात. प्रसादाच्या पुड्या बांधणे, खुर्च्या मोजून लावणे, वर्गणीला जाणाऱ्या जोडीबरोबर पावती पुस्तक सांभाळणे, असे ठरलेले काम मिळाले तरच पाठवावे. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत स्वागत कमानींखाली उसळणारी गर्दी आपण जाणताच. त्याला मोठा आवाज सोसत नसेल तर मिरवणूक सोडून द्यावी, आधीच्या तयारीचे दिवस पुरेसे आहेत. घराबाहेर पडण्यापूर्वी शरीराच्या मर्यादा स्पष्ट शब्दांत शिकवाव्यात: कोणी कुठे हात लावू नये, आपण कोणाला लावू नये, ‘नाही’ मोठ्याने म्हणायचे आणि घरी येऊन सांगायचे. हा विषय टाळणारे पालक मुलाला सुरक्षित ठेवत नाहीत.

आता आपले मूळ प्रश्न. त्याला सलग वाक्ये वाचता येत नाहीत, असे आपण लिहिले आहे. तेव्हा सर्वांना एकाच गतीने शिकवणाऱ्या संगणक क्लासची फी तूर्त भरू नये. मोबाइलवर फोन लावणे, घड्याळाचा गजर लावणे आणि आपले ठिकाण कळवणे एवढे त्याला आज अधिक उपयोगी आहे. कार्यशाळेला माझा विरोध नाही, तिथे बरोबरीचे मित्र मिळतात. परंतु आवड न पाहता प्रत्येकाच्या हाती पिशव्या आणि मेणबत्त्या देण्याची आपल्याकडची पद्धत मला खटकते. तिथे जाऊन एवढेच विचारावे की माल खऱ्या मागणीवर बनतो का, आणि आजवर तिथून बाहेरच्या नोकरीवर कोणी गेले आहे का. मुंबईत जुहूला सुरू झालेल्या ‘कॅफे अर्पण’मध्ये बौद्धिक आणि विकासात्मक दिव्यांगता असलेली प्रौढ माणसे खऱ्या ग्राहकांसमोर काम करतात, त्या धर्तीची जागा आपल्या भागात हॉटेल, रोपवाटिका किंवा छापखाना यांतही शोधता येईल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण दिले आहे आणि त्यातला १ टक्का बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, मानसिक आजार इत्यादींसाठी मिळून आहे, पण केवळ त्याच्या भरवशावर वाट पाहत बसू नये.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तींना सरकारकडून मिळणारे ओळखपत्र) नसेल तर काढावे. १८ वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत; गरज वाटल्यास १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेल्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. राष्ट्रीय न्यास ही बौद्धिक व तत्सम दिव्यांगता असलेल्यांसाठी केंद्र सरकारने स्थापलेली संस्था आहे; तिच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे.

कार्यवाहांना होकार कळवताना तीन महिन्यांची मुदत ठरवून घ्यावी. तेवढ्या काळात तो वर्तमानपत्रांचे काम एकट्याने करू लागला, तर थोडे का होईना, मानधन द्यावे, हे आताच मोकळेपणाने बोलून ठेवावे. ते त्याच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्यात जमा व्हावे आणि त्यातले काही पैसे काढायला त्याने आपल्याबरोबर बँकेत जाऊन स्वतः रांगेत उभे राहावे. खाते अजून उघडले नसेल तर या आठवड्यात ते काम करून घ्यावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक