शाहिरातला 'ह'

दादरच्या एका वाचकांनी विचारले आहे: अमेरिकेतल्या काळ्या कवींच्या वर्णद्वेषविरोधी कवितांचा कार्यक्रम पाहिला. पत्रिकेवर 'उच्चारित काव्य' असे छापले होते. 'स्पोकन वर्ड'ला, म्हणजे लोकांपुढे बोलून सादर करायच्या कवितेला, हा प्रतिशब्द बरोबर आहे का?

नाही. तोंडाने म्हटलेली प्रत्येक कविता उच्चारितच असते, मग वेगळे काय सांगितले? १९ मे १९६८ रोजी, काळ्यांचे नेते माल्कम एक्स यांच्या जन्मदिनी, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या एका बागेत 'लास्ट पोएट्स' या गटाचे काळे कवी ढोलाच्या ठेक्यावर कविता म्हणत उभे राहिले. इकडे १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढले आणि मुंबईच्या कामगारांपुढे डफ वाजवला. गिरणगावच्या माणसाला या प्रकाराचे नाव विचारा, तो सांगेल: शाहिरी.

आता 'शाहीर' शब्दाबद्दल. शाही दरबारात स्तुती गाणारा तो शाहीर, असे सूत्रसंचालक माईकवरून सांगतात, तेव्हा माझा जीव तळमळतो. 'शाही'चा इथे काडीचाही संबंध नाही. मूळ शब्द अरबी 'शाइर'. त्याचा धातू 'जाणणे, जाणवणे' या अर्थाचा. उर्दूतला 'शुऊर' म्हणजे जाणीव, तोही त्याच धातूचा. शाहीर म्हणजे ज्याला जाणवते तो. अपमान जाणवला म्हणून जो तोंड उघडतो, त्याला याहून नेमके नाव कुठले?

मग मराठीत 'ह' कुठून आला? अरबी शब्दात मध्ये 'ऐन' हे अक्षर आहे आणि त्याचा उच्चार घशातून होतो. फारसीत येताना ऐन गळाला आणि दोन स्वरांमधली फट बुजवायला मराठीने 'ह' घातला, असे व्युत्पत्तीची जाणकार मंडळी सांगतात. मला हे मुळीच पटत नाही. 'कायदा' शब्दातही मूळ अरबीत तेच ऐन होते. तिथे आपण 'य' घातला. फटच बुजवायची होती तर 'शायर' पुरेसा होता, आणि तो शब्द मराठीत गझलवाल्यांसाठी आजही आहे. 'ह' आला तो मोकळ्या मैदानात, ध्वनिक्षेपकाशिवाय, हजारोंच्या जमावापर्यंत आवाज पोहोचवणाऱ्यांच्या नावात. आपले व्याकरणही 'ह' कंठ्यच मानते. घशातला वर्ण घशातच राहिला, असे माझे ठाम मत आहे. फारसीची वाट दाखवून ते खोडू पाहणाऱ्यांनी आधी 'शायर' आणि 'शाहीर' हे दोन शब्द वेगळे का राहिले, ते सांगावे.

शाहीर गातो आणि हे अमेरिकेतले कवी बोलतात, असा आक्षेप कोणी घेईल. त्याने पोवाडा नीट ऐकलेला नाही. पोवाड्याच्या दोन चौकांच्या, म्हणजे कडव्यांच्या, मध्ये डफ थांबतो आणि शाहीर एका दमात गद्य बोलत सुटतो, ते काय असते?