आधी पट्टा बांध

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

रविवारी आलीस आणि अर्धा कप चहा तसाच ठेवून निघालीस. खाली गाडीत बाबा थांबलेत, म्हणालीस. चपला घालताना दारात उभी राहून जे बोललीस, ते चार दिवस माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. "सर, घणसोलीत दवाखाना काढून आठ महिने झाले, पण पुरुष येतच नाहीत. आले तर सर्दीची गोळी मागतात, नाहीतर कंपनीत द्यायला सर्टिफिकेट. बाई डॉक्टर बघून बिचकतात. केमिस्ट म्हणतो, आठवड्यातून दोन दिवस पुरुष डॉक्टर बसवा. लॅबवाला म्हणतो, पुरुषांचं पॅकेज काढू, तुमचा हिस्सा तुम्हाला. काय करू?"

तेव्हा मी नुसतं 'बघू' म्हणालो. आता नीट सांगतो.

तुझ्यासमोरच्या खुर्चीत जो पुरुष बसेल, त्याच्या दंडाला आधी बीपी मोजायचा पट्टा बांध. त्याला सर्दी झालेली असो, सर्टिफिकेट हवं असो, तो बायकोला घेऊन आलेला असो की पोराला लस द्यायला. तो म्हणेल, "मला काही नाही, मॅडम." म्हणू दे. बाही वर करायला सांग आणि पट्टा बांध.

हे मी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. ठाण्यात किसननगरच्या माझ्या दवाखान्यात एक जण दर महिन्याला आईला घेऊन यायचा. वागळे इस्टेटमध्ये कामाला होता. फाईल छातीशी धरून आईच्या मागे उभा राहायचा, गोळ्या कधी घ्यायच्या ते माझ्याकडून दोनदा वदवून घ्यायचा. नऊ वर्षं. त्या माउलीचं बीपी मी शंभर वेळा मोजलं असेल. त्याचं एकदाही नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी तो रात्रपाळीत मशीनपाशी कोसळला. मेंदूत रक्तस्राव. कळवा हॉस्पिटलला नेलं तेव्हा बीपी २२० च्या वर होतं. तिसऱ्या दिवशी गेला. पुढच्या महिन्यात म्हातारी शेजारणीचा हात धरून आली, खुर्चीत बसली आणि सवयीने बाही वर केली. मला तो पट्टा बांधवेना.

बाहेर तेव्हा पंचवीस-तीस माणसं बसलेली असायची, हे खरं आहे. तो माझा पेशंट नव्हता, त्याच्या नावाचा केसपेपरसुद्धा नव्हता, हेही खरं. माझ्या मित्रांनी मला हेच सांगितलं आणि मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगत आलो. पण तीन फुटांवर उभा होता गं तो. आईला बीपी, काम रात्रपाळीचं, तोंडात तंबाखू. आणखी काय हवं होतं मला?

त्यानंतर मी हट्टाला पेटलो. लोकांनी मला चक्रम ठरवलं. "तापाला गेलो तरी हा डॉक्टर प्रेशर बघत बसतो," म्हणून कितीतरी जण कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दवाखान्यात गेले, तिथे गेल्या गेल्या इंजेक्शन मिळायचं. घरात पैशाची ओढाताण झाली, बायकोने ती सोसली. तरी मी बदललो नाही आणि त्याचा मला आज पश्चात्ताप नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्क्यांचं बीपी वाढलेलं होतं किंवा ते त्याच्या गोळ्यांवर होते. बायकांत हे प्रमाण २१ टक्के. बाई निदान बाळंतपणाच्या निमित्ताने तरी पट्ट्याखाली येते. पुरुषाला कुठलं निमित्त आहे? पहिली नोकरी लागताना मेडिकल होते, त्यानंतर थेट अँब्युलन्स.

आता पट्टा बांधायचा म्हणजे कसा. तू इंटर्न असताना घाईघाईत मोजायचीस, मला आठवतंय. पाच मिनिटं बसव त्याला. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली असेल तर थांब. आणि मोजताना तूही बोलू नकोस, त्यालाही बोलू देऊ नकोस. तुझ्याकडे कोपरखैरणे-घणसोलीचे माथाडी येणार, एपीएमसीच्या घाऊक बाजारात पोती उचलून दंड कमावलेले. त्यांना नेहमीचा पट्टा तोकडा पडतो आणि तोकड्या पट्ट्यावर बीपी खोटंच जास्त दिसतं. मोठा पट्टा ठेव. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं बघ. एकदा १४० आणि ९० च्या वर गेलं म्हणून लगेच शिक्का मारू नकोस, पुन्हा बोलाव, पुन्हा मोज. पण १८०-१२० च्या पुढे असेल आणि सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, नजर अंधुक झालीय, बोलणं अडखळतंय असं काही असेल, तर हॉस्पिटल. तिथे वाट बघायची नाही.

पट्ट्याचा दुसरा उपयोग मला फार उशिरा कळला. ती पाच मिनिटं पुरुष गप्प बसलेला असतो, त्याला कुणी काही विचारत नसतं. पट्टा सुटला की तो बोलतो. "मॅडम, एक विचारायचं होतं..." यासाठीच तो आलेला असतो, सर्दी नुसतं निमित्त.

पुष्कळदा ते 'कमजोरी'बद्दल असतं. ताकदीचं इंजेक्शन द्या, म्हणेल. नजर खाली घालू नकोस. लघवीबद्दल ज्या आवाजात विचारतेस, त्याच आवाजात विचार की संबंधाच्या वेळी ताठरता येते का, कधीपासून कमी झाली. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे आतून खराब व्हायला लागल्या की तक्रार तिथे आधी दिसते, छातीत दुखायच्या कधी कधी दोन-चार वर्षं आधी. म्हणजे कमजोरी सांगणारा पन्नाशीचा माणूस तुला त्याच्या हृदयाची बातमी देत असतो. त्याची साखर बघ, कोलेस्टेरॉल बघ, कंबर मोज. आपल्याकडच्या पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायचं. आणि ताठरतेसाठी सिल्डेनाफिलची गोळी लिहिण्याआधी विचार की छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी कुणी दिलीय का. ती जिभेखालची गोळी नायट्रेटची असते, तिच्यासोबत सिल्डेनाफिल पोटात गेलं तर बीपी एकदम कोसळतं, जीव जाऊ शकतो. केमिस्टच्या काउंटरवर हा प्रश्न कुणी विचारत नाही.

लोकलच्या डब्यात गुप्तरोगाची पत्रकं चिकटवलेली असतात. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी ती चिकटतात आणि माणसं तिथे जातात. का जातात? कारण आपल्यासारख्या शिकलेल्या डॉक्टरांनी त्यांना हा प्रश्न विचारलेलाच नसतो.

बाई डॉक्टर म्हणून बिचकतात, हे मला मान्य नाही. माझं मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन महिने एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझा दवाखाना चालवला. परत आल्यावर मी केसपेपर चाळले. ज्यांना मी पंधरा-पंधरा वर्षं ओळखत होतो, त्या पुरुषांनी मला कधी न सांगितलेलं त्यांना सांगितलं होतं. एकाची झोप उडालेली, कर्जापायी जीव द्यायचे विचार येत होते. त्याला माझी, दुसऱ्या पुरुषाची, लाज वाटत होती. एकाच्या वृषणाला, म्हणजे ते लोक म्हणतात तसं 'गोळी'ला, न दुखणारी गाठ होती. वय सव्वीस. वेळेवर निघाली, तो आज दोन मुलींचा बाप आहे. तेव्हा पुरुष डॉक्टर बसवायचा विषय डोक्यातून काढ. तपासताना कंपाउंडरला पडद्याबाहेर उभा कर आणि आपलं काम कर. झोपेबद्दल मात्र प्रत्येकाला विचार. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लाव.

वेळेचंही सांगतो. दुपारी एक ते पाच शटर खाली ओढायची आपली सवय तू मोड. भाजीमार्केट पहाटे सुरू होतं, तिथला माणूस दुपारी घरी असतो. रबाळे-महापेच्या कंपन्यांतले लोक रात्री आठनंतर घर गाठतात. पुरुष येत नाहीत म्हणतेस, पण ते मोकळे असतात तेव्हा तू कुठे असतेस?

आणि त्या पॅकेजचं. ते ऐकून मला राग आला, तुझा नाही, पण थोडा तुझाही. अठ्ठावीस वर्षांच्या पोराची पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, कशाला? टेस्टोस्टेरॉन कशाला? थकवा आहे म्हणून हा रिपोर्ट, रिपोर्ट जरा कमी आला म्हणून जिमवाल्याच्या ओळखीने इंजेक्शन, आणि त्या इंजेक्शनाने शुक्रजंतू तयार होणंच बंद. मग लग्नानंतर दोघं रडत तुझ्याकडे येतील. शिवाय तो हिस्सा म्हणजे कमिशन, आणि ते २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत निषिद्ध आहे, हे तुला मी सांगायला नको. तपासणी पट्ट्यापासून सुरू होते. मग तोंड उघडायला सांग, गुटखा खाणाऱ्याची तीन बोटं आत जातात का बघ. जात नसतील किंवा पांढरा चट्टा असेल तर खारघरला टाटाच्या कॅन्सर केंद्रात पाठव. पट्टा, बोटं, टेप, साखर. यात पॅकेज काय करायचंय? बीपीच्या गोळ्या परवडत नसतील तर महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्राची चिठ्ठी दे, पण महिन्याभराने बीपी मोजायला तुझ्याकडेच बोलाव. गोळी सुरू केली आणि माणूस हरवला, हे माझ्या हातून पुष्कळदा झालंय. बरं वाटलं की पुरुष गोळी सोडतो. एक वही घाल, न आलेल्याला स्वतः फोन कर. कंपाउंडरकडून नको, तू कर.

धंदा कसा होईल, ही तुझी काळजी मला कळते. दवाखान्याचं भाडं आहे, कर्जाचा हप्ता आहे. पहिली दोन वर्षं अवघड जातील. पण ज्याचं बीपी तू न मागता मोजलंस, तो माणूस घरी जाऊन भावाला सांगतो. माझा अर्धा दवाखाना असाच भरला. कोपऱ्यावर गेलेलेही पुढे परत आले.

मोठा पट्टा मी कालच आणून ठेवलाय, तुझ्यासाठी. येत्या रविवारी ये. सकाळी नौपाड्याकडे गाडी लावायला जागा मिळते. आणि बाबांना खाली बसवून ठेवू नकोस, वर घेऊन ये. साठीच्या आसपास असतील ना? त्यांचं बीपी शेवटचं कधी मोजलंस?

तुझा,
सर