टर्मिनलवरून इश्यूचे वर्णन बदलताना जुना मजकूर पुसला जातो, तो कसा वाचवावा?

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाच्या 'जीएच' या कमांड-लाइन साधनातून इश्यूच्या, म्हणजे बग किंवा कामाच्या नोंदीच्या, वर्णनात एक ओळ वाढवायला गेलात आणि तेवढी ओळच उरली, बाकीचे सारे वर्णन नाहीसे झाले, अशी तुमची अडचण आहे. साधनात काही बिघाड नाही. 'जीएच इश्यू एडिट'चा 'बॉडी' हा पर्याय मजकुरात भर घालत नाही, जुना काढून त्या जागी नवा बसवतो. लेबलांसाठी 'ॲड-लेबल' आणि 'रिमूव्ह-लेबल' असे वेगळे पर्याय दिलेले आहेत, तशी सोय वर्णनासाठी नाही. पुसलेला मजकूर मात्र अजून शाबूत असणार. इश्यूचे पान ब्राउझरमध्ये उघडा, वर्णनाच्या माथ्यावरील 'एडिटेड' या शब्दावर क्लिक करा आणि जुन्या आवृत्तीतून तो आधी परत घ्या.

पुढच्या वेळी वर्णन फाइलीत उतरवून घ्यावे, तिथे बदलावे आणि 'बॉडी-फाइल' या पर्यायाने परत पाठवावे. उतरवताना एक खोच आहे. 'जीएच इश्यू व्ह्यू'चे आउटपुट तसेच फाइलीत वळवले, तर शीर्षक, स्थिती, लेखक, लेबले या ओळीही वर्णनाच्या डोक्यावर येऊन बसतात आणि परत पाठवताना त्या वर्णनाचाच भाग होतात. म्हणून त्याच कमांडला 'जेसन' या पर्यायात फक्त 'बॉडी' हे क्षेत्र मागावे आणि 'जेक्यू' या गाळणाऱ्या पर्यायाने तेवढेच बाहेर काढावे.

मी मुंबईच्या लोकलचे वेळापत्रक दाखवणाऱ्या एका ॲपवर काम करतो. आमच्याकडे 'प्रभादेवी शोधल्यावर एकही गाडी दिसत नाही' असा इश्यू होता. स्थानकाचे नाव 2018 मध्ये बदलले, पण आमच्या एका तक्त्यात 'एल्फिन्स्टन रोड' तसेच राहिले होते. चाचणी करणाऱ्या सहकारी ताईंना त्यात 'हे फक्त मराठी भाषा निवडल्यावर घडते' एवढेच घालायचे होते. त्यांनी फाइल काढली, बग पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्यांच्या वर ती ओळ लिहिली आणि फाइल परत पाठवली. पायऱ्या आणि लॉग जिथल्या तिथे राहिले.

एवढ्याशा ओळीसाठी फाइल कशाला, असे वाटेल. पण मजकूर थेट कमांडमध्ये टाइप करण्याला माझा ठाम विरोध आहे. आपल्या वर्णनांत कोडचे तुकडे बॅकटिकमध्ये (` या उलट्या टिंबचिन्हात) असतात आणि दुहेरी अवतरणात आलेला बॅकटिकमधला मजकूर शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांडी चालवणारा प्रोग्राम, स्वतः कमांड म्हणून चालवते. डेटा पुसणारी कमांड कोणी नमुना म्हणून लिहिली असेल, तर ती तुमच्याच मशीनवर चालेल. एकेरी अवतरणाने हा धोका टळतो, पण मजकुरात एखादी ॲपॉस्ट्रॉफी आली की अवतरण मध्येच बंद होते.

एडिटरमध्येच काम करायचे असेल, तर 'जीएच इश्यू एडिट'ला फक्त इश्यूचा क्रमांक द्यावा; काय बदलायचे ते विचारून साधन जुन्या मजकुरासह एडिटर उघडते. कोणता एडिटर, हे 'जीएच_एडिटर' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून (प्रणालीत नावाने साठवलेल्या सेटिंगवरून) ठरते आणि ते नसेल तर गिटच्या किंवा प्रणालीच्या नेहमीच्या एडिटरवरून. व्हीएस कोड वापरत असाल, तर त्याच्या नावापुढे 'वेट' हा पर्याय जोडावाच लागतो. नाहीतर खिडकी उघडताच एडिटरचे काम संपले असे साधन समजते आणि तुम्ही टाइप करत असतानाच ते न बदललेला मजकूर घेऊन मोकळे होते.

फाइल काढल्यापासून परत पाठवेपर्यंत कोणी दुसऱ्याने वर्णन बदलले, तर त्याचा बदल तुमच्या फाइलीखाली गाडला जाईल आणि साधन त्याची सूचना देणार नाही. तेव्हा अंधेरीला काढलेली फाइल चर्चगेटला उतरल्यावर पाठवू नये. पाठवण्याआधी ताजी प्रत काढून ताडून पाहावी. शिवाय वर्णन बदलल्याची ईमेल इश्यूवर लक्ष ठेवणाऱ्यांना जात नाही, म्हणून बदल महत्त्वाचा असेल तर 'जीएच इश्यू कमेंट'ने 'पायरी 3 बदलली आहे' असे एक वाक्य लगेच टाकावे.