शिबिरात शुगर तपासली, पुढे काय?

प्रश्न: डॉक्टर, सरकारी शिबिरात फुकट तपासणी झाली, माझी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ निघाली, तिथल्या मॅडम म्हणाल्या बॉर्डरवर आहे, वजन कमी करा, झालं, पुढचा नंबर! मग हे राष्ट्रीय कार्यक्रम काढतात कशाला, नुसते आकडे भरायला?

उत्तर: तुमचा वैताग बरोबरच आहे. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटीस, आणि खरी मेहनत घ्यायची ती ह्याच लोकांवर, कारण इथून मागे फिरता येतं. अमेरिकेत बॉर्डरवरच्या तीन हजारांहून जास्त लोकांवर अभ्यास झाला, २००२ मध्ये निकाल आला, टार्गेट काय तर वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्यातून १५० मिनिटं चालणं वगैरे, तर तेवढ्यावर साधारण तीन वर्षांत डायबेटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. (साठीच्या पुढच्यांना चालण्या-खाण्याचा फायदा आणखी जास्त झाला, म्हणजे 'आता या वयात काय' हे कारण चालणार नाही.) पण त्या मंडळींना सल्ला देऊन घरी नव्हतं पाठवलं, प्रत्येकाच्या मागे एक कोच होता, वजन परत वाढलं की विचारणारा. म्हणून तर तिथे २०१० पासून जो राष्ट्रीय कार्यक्रम आहे तो वर्षभराचा आहे, गटात बसून, पहिल्या सहा महिन्यांतच किमान १६ बैठका. शिबिर घेणं सोपं असतं हो, फोटोही छान येतात, पण वर्षभर माणसं धरून ठेवायला स्टाफ लागतो आणि पैसा नेमका तिथेच कमी पडतो.

ज्यांना डायबेटीस झालेलाच आहे त्यांचंही तेच. इंग्लंडमध्ये २००३ पासून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी देशभर सुरू झाली, यादीतल्या प्रत्येकाला घरी पत्र जातं, आणि २०१० पर्यंत कामाच्या वयातल्या अंधत्वाचं पहिलं कारण म्हणून डायबेटीसचं नाव खाली गेलं, पन्नास वर्षांत पहिल्यांदाच. एकट्या पत्राचं श्रेय नाही म्हणा, शुगरचे उपचारही सुधारले होते. पण यादी आणि बोलावणं नसेल तर पाय, किडनी, डोळे कुणी वेळेवर दाखवतच नाही, कारण दुखत काही नसतं.

तुम्ही त्या केंद्रात परत जा, नाव रजिस्टरमध्ये चढलंय का ते बघा, आणि आहाराचा किंवा व्यायामाचा गट आहे का ते विचारा. एचबीएवनसी वर्षाने परत करायचीच, बोलावणं येवो न येवो.