पेटका, गोळा, आकडी, झटका: कधी काय म्हणायचं?

प्रश्न: रात्री पोटरी आखडली की मी ‘पेटका आला’ म्हणते, नवरा ‘गोळा आला’ म्हणतो, सासूबाई ‘वांब आला’ म्हणतात आणि मुलगी म्हणते क्रॅम्प. त्यात परवा बातमीत वाचलं की रुग्णाला झटके येत होते. हे सगळं एकच का? आणि पेटका म्हणायचं की पेटके?

उत्तर: तुमच्या घरातले चारही शब्द बरोबर आहेत आणि चारही एकाच त्रासाचे आहेत, बातमीतला झटका मात्र वेगळा. स्नायू आपण न सांगता एकदम आकसतो, दगडासारखा घट्ट होतो, जीव जाईल इतका दुखतो आणि काही सेकंदांत नाहीतर काही मिनिटांत सुटतो, तो पेटका. शब्द पुल्लिंगी आहे, एकदा आला तर पेटका आला, पण बोलताना बहुतेक जण पेटके येतात असंच म्हणतात कारण हा त्रास एकदा येऊन थांबेलच असं नसतं, मागोमाग दुसरा येतो. पायाला पेटके आणि पायात पेटके, दोन्ही चालतं.

गोळा हा शब्द मला जास्त आवडतो कारण पोटरीवर हात ठेवला तर खरंच तिथे गोळा हाताला लागतो. फक्त जागा बघून वापरा. पोटरीत गोळा आला म्हणजे स्नायू आखडला आणि पोटात गोळा आला म्हणजे माणूस घाबरला, त्यामुळे पोटातल्या दुखण्याला पेटके, कळ किंवा जुलाबाबरोबर असेल तर मुरडा म्हणायचं. पाठीत वाकताना एकदम धरतं ती उसण, खोकल्याची येते ती उबळ, आणि उचकी म्हणजे पण स्नायूचंच अचानक आकसणं, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याचं. भाषेनं प्रत्येक जागेला वेगळा शब्द करून ठेवलाय तर तो वापरावा असं मला मनापासून वाटतं, कारण एकदा सगळ्यालाच क्रॅम्प म्हणायची सवय लागली की ऐकणाऱ्याला नेमकं कुठे काय होतंय तेच कळत नाही.

आणि झटका या शब्दाबद्दल तर मी आग्रहानेच सांगेन. विजेचा झटका, हार्टचा झटका, अर्धांगाचा झटका, फिटचा झटका, सगळीकडे हाच शब्द. घाबरलेला माणूस फोनवर ‘बाबांना झटका आला’ एवढंच सांगतो आणि पलीकडच्याला काय समजायचं ते समजत नाही, अशा वेळी वाया गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. त्यापेक्षा दिसतंय ते सांगा, छातीत दुखतंय, तोंड एका बाजूला वाकडं झालंय, शुद्ध नाही आणि हातपाय ताठ होऊन झडझडतायत. या शेवटच्याला आकडी किंवा फिट म्हणतात, आणि ज्याला वारंवार फिट येतात त्याच्या आजाराला अपस्मार किंवा मिरगी.

पेटका आणि आकडी यातला फरक तर प्रत्येकाला माहीत पाहिजे. पेटक्यात माणूस पूर्ण शुद्धीत असतो, ओरडतो, कुठे दुखतंय ते दाखवतो. आकडीचा उगम मेंदूत असतो, अंगभर आली तर शुद्ध जाते आणि नंतर त्या माणसाला बहुधा काही आठवत नाही. अशा वेळी चप्पल कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, हातपाय दाबून धरू नका, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, किती वेळ चाललंय ते घड्याळात बघत राहा आणि झडझड थांबली की एका कुशीवर करा. 5 मिनिटांच्या वर चाललं किंवा पहिलीच वेळ असेल तर लगेच ॲम्ब्युलन्स.

तुमच्या पोटरीसाठी उपाय सोपा आहे. झोपेत पावलं खाली झुकलेली असतात, पोटरीचा स्नायू आधीच आखूड झालेला असतो आणि तेवढ्यात तो आणखी आकसतो, म्हणून पाय सरळ करून चवडा हाताने स्वतःकडे ओढायचा, म्हणजे स्नायू ताणला जाऊन सुटतो. नुसतं चोळण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं. वय, गरोदरपण, दमणूक, घाम जाऊन पाणी कमी पडणं, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या अशी कारणं असू शकतात, बऱ्याचदा कारण सापडतही नाही. पण एकच पाय सुजलाय, गरम आणि लाल आहे आणि दुखणं सुटतच नाही, तर तो पेटका समजून घरी थांबू नका, शिरेत रक्ताची गाठ असू शकते.

प्रश्न: ‘आचके’ म्हणजे पण पेटकेच ना? आजारी मावशींबद्दल बोलताना मी हा शब्द वापरला तर सगळे गप्पच झाले.

उत्तर: नाही. आचके देणं हे शेवटच्या घटकेला होणाऱ्या अंगाच्या हिसक्यांना म्हणतात. गाडी आचके देत बंद पडली असं चालतं, जिवंत आजारी माणसाबद्दल नको, ऐकणाऱ्याच्या काळजाला लागतं.

प्रश्न: धनुर्वाताचं नाव असं का पडलं?

उत्तर: धनुष्यावरून. या आजारात जिवाणूचं विष, स्नायूंना आवर घालणारे मज्जासंस्थेतले संदेशच अडवतं, त्यामुळे स्नायू आकसतात ते सुटेनात. आधी बहुधा जबडा आवळतो, त्यालाच दातखीळ बसणं म्हणतात, आणि मग पाठीचे स्नायू इतके ताणले जातात की शरीर धनुष्यासारखं मागे वाकतं. आवाज किंवा उजेडानं सुद्धा असा झटका सुरू होऊ शकतो आणि माणूस मात्र शुद्धीत असतो, सगळं सोसत असतो. गंजलेला खिळाच लागायला पाहिजे असं नाही, माती गेलेली कुठलीही जखम पुरते. लस आहे, तिचा डोस कधी झालाय ते आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

प्रश्न: डोळा लवतो तो पण पेटका का?

उत्तर: आकसणं तेच, पण अगदी बारीक आणि न दुखणारं, म्हणून त्याला पेटका कुणी म्हणत नाही. झोप कमी, ताण, चहा कॉफी जास्त झाली की पापणी अशी फडफडते आणि आपोआप थांबते. काही आठवडे थांबलीच नाही, डोळा पूर्ण मिटायला लागला किंवा त्या बाजूचा गाल, ओठ पण ओढला जायला लागला तर डॉक्टरांना दाखवा.