सराव की शाळा?

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची, जिम्नॅस्टिक्स करते. प्रशिक्षक म्हणतात, ‘शाळा बाहेरून करा, तिला निवासी केंद्रात पाठवा. चीन उगाच पदकं जिंकतो का?’ काय करावं? – एक आई

उत्तर : चीनचं अर्धंच सांगितलंय त्यांनी. तिथल्या क्रीडाशाळांत पोरं लहानपणीच निवडली जातात, आणि सरावापुढे अभ्यास मागे पडतो. 2006 मध्ये तिथली एक माजी राष्ट्रीय विजेती वेटलिफ्टर सार्वजनिक स्नानगृहात मालिश करून पोट भरताना आढळली. लिहिण्यावाचण्यातही ती कच्ची होती.

आता नॉर्वे बघा. तेराव्या वर्षापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच नाहीत. तरी 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांची 16 सुवर्णपदकं! अमेरिकेत विद्यापीठाच्या वरच्या श्रेणीत खेळायचं, तर शाळेतले 16 मुख्य अभ्यासक्रम पूर्ण लागतात. तिथेही पळवाटा निघतात म्हणा, पण दार निदान अभ्यासातून जातं.

मी स्वतः पोहायचे. पहाटेच्या सरावानंतर ओल्या केसांचं पाणी बीजगणिताच्या वहीवर टपटपायचं, शाई पसरायची. सतराव्या वर्षी खांदा गेला, तेव्हा तीच डागाळलेली वही कामी आली.

प्रशिक्षकांना एवढंच विचारा : केंद्रात रोज किती तास वर्ग भरतात, शिकवतं कोण, आणि मागच्या पाच वर्षांत खेळ सुटलेली मुलं आज काय करतात? शेवटच्या प्रश्नावर ते गडबडले, तर पोरीला घरीच ठेवा. जिम्नॅस्टिक्समध्ये वय लवकर उलटतं हे खरं, पण बारा म्हणजे उशीर नव्हे.